बिबट्यांच्या विजयाचा गुलाल

मी गुलालाची पिशवी बोलतेय. दचकू नका, तुमच्या कपड्यांना काही होत नाही. माझं तोंड सुतळीनं घट्ट आवळलेलं आहे. वजन म्हणाल तर एके काळी पाच किलो होतं. आता निम्मंच उरलंय. बाकीचं कुठं गेलं, तेच सांगायचंय.

माझा जन्म रंगाच्या कारखान्यात झाला. मक्याचं पीठ, त्यात रंग, आणि वरून ही विणलेल्या प्लास्टिकची पांढरी पिशवी. त्यात नवल ते काय! पुढं जुन्नरच्या जुन्या पेठेत, पूजेच्या सामानाच्या दुकानात आम्ही बहिणी एकीवर एक बसलो होतो. गुलालाच्या पिशवीचं आयुष्य असं असतं तरी केवढं? कुणी निवडून आलं, कुणाचा गणपती निघाला, कुणाचा बैलगाडा शर्यतीच्या घाटात पहिला आला, की फुटायचं आणि कुणाच्या तरी आनंदात मिसळून जायचं. माझ्या बहिणी आठवड्याभरात मार्गी लागल्या. मी मात्र राजुरीच्या हौशीराम तात्यांच्या हाती लागले.

तात्या साठी ओलांडलेले. कांदा, टोमॅटो, दोन गाई. तरुणपणी कबड्डीत त्यांनी एकदा पाय धरला की समोरचा सुटत नसे म्हणतात. पुढं गुडघा गेला आणि खेळ थांबला, पण डोक्यातून कबड्डी काही गेली नाही. त्या वर्षी व्यावसायिक कबड्डीची नवी लीग निघाली आणि तिच्यात आपल्या भागाच्या नावाचा संघ आला, शिवनेरी बिबटे! पिवळी जर्सी, छातीवर गुरगुरणारा बिबट्या. तात्यांना काय करू अन् काय नको असं झालं. त्यांनी मला भैरवनाथाच्या देवळापुढं पारावर ठेवलं आणि चारचौघांत सांगितलं, "बिबटे पैला सामना जिंकतील त्या दिवशी ही पिशवी फुटंल. दुसऱ्या कशाला न्हाई म्हंजे न्हाई. शबूद हाय माझा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मनात म्हटलं, चार दिवसांचं काम आहे. त्या गोष्टीला आता तीन वर्षं झाली!

पहिल्याच सामन्याला घरात ही गर्दी. मी तात्यांच्या मांडीवर. दोन मिनिटं उरलेली आणि आपण सहा गुणांनी पुढं. तात्यांचा पुतण्या गोरख भारी उतावळा. "तात्या, झालं की आता!" म्हणत त्यानं ब्लेडनं माझा कोपरा कापला आणि ओंजळभर गुलाल तात्यांच्या डोक्यावर ओतला. आणि काय सांगू, पुढच्याच चढाईत आपले दोघं बाद, मग तिसरा, मग सगळा संघ बाहेर. लोण बसला. सामना गेला. आणि गर्दीच्या मधोमध लालेलाल डोक्याचे तात्या.

बरं, तेवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. सकाळी डेअरीवर दूध घालायला गेले तर रंग पुरता निघालेला नव्हता. जो तो विचारी, "काय तात्या, जिंकलं जणू?" आणि प्रत्येकाला तात्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगायचं, की न्हाई बाबा, हरलो.

माझा कापलेला कोपरा कुशाबाईंनी शिवला. कुशाबाई म्हणजे तात्यांची बायको. दाभण-सुतळी घेऊन बसल्या आणि शिवता शिवता तात्यांना अशी काही बोलणी बसली, की मलाच कानकोंडं झालं. "बिबटं म्हनं! मांजरं हायेत ती, मांजरं. आन तुमाला अक्कल न्हाई. डोक्यावर गुलाल घ्यायचं वय का हे?"

तेव्हापासून हरण्याचा जो सिलसिला लागला तो लागलाच. खरा बिबट्या उसातून कधी बाहेर येईल सांगता येत नाही, आणि आमचा बिबट्या चढाईला गेला की परत येईल का सांगता येत नाही. संघाचे मालक शहरातले. दरवर्षी जर्सीचा रंग बदलायचे, प्रशिक्षक बदलायचे, हरणं तेवढं बदलत नव्हतं. एक बरा चढाईपटू होता, तर दुसऱ्या हंगामात तोही दुसऱ्या संघाला देऊन टाकला. त्यानं येऊन आपल्यावरच चौदा गुण घेतले. तात्यांनी त्या दिवशी टीव्हीपुढं हात जोडले. "धन्य हाय रं बाबांनो! आपलीच कुऱ्हाड पॉलिश करून लोकांला दिली!"

मग तात्यांच्या मनानं घेतलं, की आपण बघतो म्हणूनच बिबटे हरतात. झालं! सामना लागला की सून अक्षदा टीव्हीपुढं बसणार आणि तात्या अंगणापलीकडच्या कांदा साठवायच्या बराखीत, जाळीला पाठ लावून. अक्षदा जुन्नरला नोकरीला. आल्या आल्या चहासुद्धा न घेता टीव्ही लावायची, बिचारी. खिडकीतून ओरडून गुण सांगायची आणि तात्या बराखीतून ओरडायचे, "बोनस घ्या म्हनावं, बोनस!" जणू काही तिचं ऐकून खेळाडू पाय टाकणार होते. बरं, बघायचं बंद केलं म्हणून जिंकले का? नाव नको.

इकडं मला मागण्या यायच्या. भिमाजी, तात्यांचा जुना दोस्त, त्याचा गाडा यात्रेत पहिला आला. दुकानं बंद, म्हणून तो धावत आला. "तात्या, दे ती पिशवी, सकाळी नवी आणून देतो." तात्यांनी मान हलवली. गोरख ग्रामपंचायतीला निवडून आला, मिरवणूक दारात उभी. तरी नाही! सख्ख्या पुतण्याला नाही म्हटलं त्यांनी. गोरख तीन महिने बोलत नव्हता. मला काय वाटलं असेल, विचारा. दारात डफ वाजतोय, पोरं नाचतायत आणि मी माळ्यावर फवारणीच्या पंपाशेजारी पडून. मलाही फुटायचं होतं हो! गुलालाला दुसरं काय माहीत असतं?

आता एक गोष्ट सांगते, ती तात्यांना ठाऊक नव्हती. पावसाळ्यात माळ्यावर ओल यायची. मी आतून आळायला लागले, गठ्ठे होऊ लागले. तात्यांचा समज, गुलाल काही नासत नाही. पण कुशाबाईंनी एकदा मला हातानं चाचपलं आणि त्यांच्या लक्षात आलं. दसरा झाला, तात्या नारायणगावला मार्केटला गेले, की ही बाई मला पाठीवर टाकून गच्चीवर न्यायची. शिवण उसवायची, जुन्या लुगड्यावर मला पसरायची, तळहातानं एकेक गठ्ठा चोळायची, जुन्या चाळणीनं चाळायची. तोंडानं चालूच, "मेली मांजरं जिंकायची न्हाईत आन हा मानूस ऐकायचा न्हाई." दिवस कलला की परत भरून, शिवून, होते तिथं.

हात दोन-दोन दिवस लाल राहायचे. तात्यांनी एकदा विचारलं, "हात कशानं गं लाल झालं?"

"बीट चिरलं," कुशाबाई म्हणाल्या.

त्या घरात बीट कधी येत नाही. पण तात्यांचं लक्ष कुठं, तर संघात नवीन कोण घेतला त्यात. तीन वर्षं सलग त्यांना बीट पटलं.

यंदाचा हंगाम आला आणि तसाच गेला. शेवटचा सामना उरला होता, तोवर तीन वर्षांत एक विजय नाही. तात्या थकले होते. लोकांची चेष्टा ते हसण्यावारी न्यायचे, पण त्या सामन्याच्या दिवशी सकाळी डेअरीवर कुणीतरी म्हणालं, "तात्या, तुमच्या तेराव्याला फुटंल ती पिशवी," आणि ते त्यांना लागलं. घरी येऊन त्यांनी मला माळ्यावरून काढलं, ओट्यावर आपटलं आणि भिमाजीला बोलावणं धाडलं. "आज हरलं तर तू ही घिऊन जा. यात्रंला उधळ, न्हाईतर उकिरड्यात टाक. माझा शबूद मी माघारी घेतो."

कुशाबाई चुलीपाशी होत्या. त्यांना बोलताना तीन वर्षं ऐकत आले, त्यांचं गप्प बसणं मला सोसेना.

संध्याकाळी सामना लागला. तात्या बराखीत, भिमाजी आणि गोरख टीव्हीपुढं, मी ओट्यावर. रडतखडत चाललं होतं. शेवटची चढाई. आपले एकतीस, त्यांचे तेहतीस. आणि आपल्याकडं मैदानात उरला होता फक्त आदेश. हा पारगावचा पोरगा, आपल्या बाजूचा संघात एवढा एकच. सगळा हंगाम त्याला बाकावर बसवून ठेवलेला. तो गेला. एकाला पाय लावला, दुसऱ्यानं कंबर धरली, आणि पोरगं अंग घासत घासत मध्यरेषेला बोट टेकवून मोकळं! दोन गुण! शिट्टी!

"तात्या!" अक्षदा खिडकीतून किंचाळली. "हरलो नाही!"

तात्या बराखीतून येईनात. गोरखनं मागं दोनदा खोटंच ओरडून त्यांना फसवलेलं. शेवटी अक्षदा जाऊन त्यांना हाताला धरून घेऊन आली. पडद्यावर तेहतीस-तेहतीस. बरोबरी.

आता आली का पंचाईत! पिशवी फोडायची की नाही?

"फोडा!" गोरख म्हणाला. "ग्रामपंचायतीला सारखी मतं पडली तर चिठ्ठी टाकत्यात. चिठ्ठी टाकू."

"चिठ्ठी कशाला?" भिमाजी तापला. "घाटात दोन गाडं एकाच सेकंदात बसलं तर गुलाल दोगांवर पडतो राव! ह्यात काय इचार करायचा?"

तात्या खाली बसले. डोळे भरलेले. "मी जिंकल्याचा शबूद दिलाय. हे जिंकनं न्हाई. असं कसं फोडू?"

तेवढ्यात कुशाबाई आतून विळी घेऊन आल्या. कुणाला काही विचारलं नाही. ओट्यावर मांडी घातली आणि माझी शिवण सर्रकन उसवली.

"अगं ए! माझा शबूद..."

"तुमचा शबूद तुमच्यापाशी ठिवा. तीन वर्सं वाळवलाय मी ह्यो. माझा बी काय हक्क हाय का न्हाई?"

आणि त्यांनी ओंजळ भरून तात्यांच्या डोक्यावर सोडली. पिठासारखी मोकळी पडले मी. एक गठ्ठा नाही, एक खडा नाही. तात्यांनी गालावरचा गुलाल बोटांत चोळून पाहिला. तीन पावसाळे ओल्या माळ्यावर काढलेला गुलाल असा असतो का? त्यांनी पिशवीकडं पाहिलं. शिवणीवर शिवण, नव्या सुतळीजवळ जुन्या सुतळीची भोकं. मग बायकोचे लालभडक हात धरले.

"बीट व्हय गं?" तात्या म्हणाले, आणि पोरासारखे रडले.

मी कुठंकुठं सांडले ते आठवत नाही. अंगणात, भिमाजीच्या टोपीवर, गाईच्या पाठीवर, अक्षदाच्या ऑफिसच्या साडीवर. एवढं सुख एका संध्याकाळी! निम्मी संपले तेव्हा तात्यांनी कुशाबाईंचा हात धरून थांबवलं. बरोबरीला निम्माच, राहिलेला जिंकल्यावर.

परवा बातमी आली, की आदेशला दुसऱ्या संघानं नेलं. तात्यांनी मालकांना दोन तास शिव्या घातल्या आणि संध्याकाळी अक्षदाला टीव्हीचं रिचार्ज करायला सांगितलं. तुमची ओळख असेल तर बिबट्यांना माझा एवढा निरोप द्या, की बाबांनो, एकदा जिंका. निम्मी का होईना, मी वाट बघतेय.

आता मी माळ्यावर नसते, टीव्हीच्या बाजूला असते. आणि काल दसऱ्यानंतरचं चांगलं ऊन पडलं, तर गच्चीवर लुगडं पसरून दोघं बसले होते. कुशाबाई चाळत होत्या, तात्या गठ्ठे चोळत होते. आज सकाळी डेअरीवर भिमाजीनं त्यांना विचारलं म्हणे, "तात्या, हात कशानं लाल झालं?"

"काय न्हाई," तात्या म्हणाले, "बीट चिरलं."