अक्काची प्लेट

अक्काचा श्वास आता माझ्या प्रयोगशाळेतल्या इन्क्युबेटरमध्ये चालतो. घरी तिची छाती हलत नाही. ती खुर्चीत बसून मटार सोलते, बोलते, पण तिथे फक्त ओठ हलतात. आवाज प्रयोगशाळेत येतो.

तिच्या बेडक्यातला जिवाणू वाढवायला मीच आगरच्या जेलीच्या प्लेटवर पसरवला होता. कित्येक वर्षं तो तिच्या श्वासनलिकेत स्वतःच्याच चिकट पडद्याखाली राहिला. घर सोडताना सामान न्यावं, तसा तो तिचा श्वास बरोबर घेऊन आला. सकाळी प्लेटवर जिवाणूंच्या हिरवट वसाहती होत्या आणि झाकण आतून एका लयीत धुरकट होत होतं, निवळत होतं.

आम्ही प्लेट पालथी ठेवतो, म्हणजे झाकणावरचं पाणी वसाहतींवर पडत नाही. नाव तळावर लिहितो, कारण झाकणं बदलतात. तळावर 'इंदुमती' असं माझ्याच अक्षरात होतं. या जिवाणूला पिकल्या द्राक्षांचा वास येतो. झाकण उचलून तो हुंगायची सवय आम्हा सगळ्यांनाच आहे. विद्यार्थ्यांना मात्र मी हुंगू देत नाही.

"वृंदे," प्लेटमधून अक्का म्हणाली, "तासगावची द्राक्षं आणलीस आणि मला एकही नाही?"

"तो तुझाच वास आहे, अक्का."

"मग बरा भाव येईल माझा."

दुपारी प्रयोगशाळेतली मदतनीस कुलसुम टाकायच्या प्लेट गोळा करायला आली. "मॅडम, हिचा रिपोर्ट गेला. ऑटोक्लेव्हमध्ये वाफवून मारते."

"नको. ती माझी बहीण आहे."

कुलसुमने प्लेट उजेडात धरली. "असू दे. पण वाळत चालली आहे."

खरंच आगर कडेने तडकलं होतं. झाकण आता फार हळू धुरकट होत होतं. मी प्लेट डब्याच्या पिशवीत पालथी ठेवली आणि घरी आणली.

अक्का मटारच्या शेंगा घेऊन बसली होती. तिचे ओठ निळसर होते.

"अक्का, तोंड उघड. तुझा श्वास परत देते."

तिने तोंड उघडलं. मी झाकण काढलं आणि प्लेट आधी माझ्या नाकाशी नेली. हात सवयीने गेला. द्राक्षांचा वास एकदाच, खोलवर आला. मग प्लेटला कसलाच वास राहिला नाही.

अक्काचे ओठ हलले.

"हुंगलीस ना?" आवाज माझ्या छातीतून आला.

मी तिच्या उघड्या तोंडावर तोंड ठेवून फुंकत राहिले. आत काहीच गेलं नाही. तिच्या हातातली शेंग खाली पडली.

खोली उबदार झाली होती. भिंतींना कोपरे उरले नव्हते. छतावर थेंब धरले होते, आणि एक माझ्या मानेवर पडला.

"पालथी हो, वृंदे," छातीतून अक्का म्हणाली.

मी पालथी झाले. फरशी काचेसारखी स्वच्छ होती. खालून कुणीतरी मार्करने नाव लिहीत होतं. इकडून अक्षरं उलटी दिसत होती. पहिलं 'वृं' होतं.