बाबांच्या फुंकरीचा नंबर

मित्रांनो, माझ्या खोक्यावर ‘ब्रेथ कंट्रोलर’ असं भारदस्त नाव छापलं होतं, पण खरं सांगायचं तर मी एक जुनी फुंकणी आहे. हे नाव मला या घरातल्या आईंनी दिलं. मी खोक्यातून बाहेर निघाले तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. माझ्याकडे एकवार बघून म्हणाल्या, “एवढी वाट बघून शेवटी फुंकणी आली होय!” तेव्हापासून मी फुंकणी.

काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, तिला एक मऊ नळी आणि नळीच्या टोकाला ओठात धरायची चोच, एवढाच माझा देह. एका लहानशा कारखान्यात एका बाईने माझ्या पोटातल्या तारा जोडल्या आणि चोचीतून हळूच फुंकून पाहिलं. समोरच्या पडद्यावरचा आकडा शून्यावरून चाळीसवर गेला. “चालतेय,” असं म्हणून तिने मला खोक्यात घातलं. कोणी किती जोराने फुंकलं ते मोजायचं आणि तो आकडा संगणकाला कळवायचा, हे माझं काम. मी स्वतः वाजत नाही.

मला मागवलं ते ताईने. ताई म्हणजे या घरातली मुलगी. ती सिनेमांना संगीत द्यायची. तिच्या संगणकात एक क्लॅरिनेट होतं. खरं नव्हे हं. कुणा वादकाने प्रत्येक सूर हळू, मध्यम, जोरात असा वाजवून ठेवलेला, आणि ते सगळे सूर संगणकात भरलेले. पेटीसारख्या पट्ट्या दाबल्या की ते वाजे. पण पट्टी एकदा दाबली की सूर हातातून सुटलेल्या दगडासारखा जाई. मध्येच त्याला फुलवता येत नसे की मावळवता येत नसे.

एका नव्या सिनेमाच्या दिग्दर्शकबाईंनी ते ऐकलं आणि त्या म्हणाल्या, “सूर बरोबर आहेत. पण मला एक सांगा, हा माणूस श्वास कधी घेतो?” बाईंनी आठवडाभराची मुदत दिली. जमलं नाही तर दुसऱ्या कुणाला विचारणार होत्या. म्हणून मी आले.

ताईने मला संगणकाला जोडलं, चोच ओठात धरली आणि पट्ट्यांवर बोटं ठेवली. झालं भलतंच. क्लॅरिनेट एकतर गप्प बसे, नाहीतर एकदम खेकसे. त्यात ताईला एक सवय होती. कामात गुंगली की ती श्वास रोखून धरायची. बोटं सुरावर आणि श्वास छातीत! दोन दिवस मी तिच्या ओठात नुसती लटकत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात बाबा उभे राहिले. बाबांनी चाळीस वर्षं काचेच्या भट्टीवर काम केलं होतं. लांब लोखंडी नळीच्या टोकाला वितळलेली काच घ्यायची आणि फुंकून तिची सुरई करायची, हा त्यांचा धंदा. आपल्यामागे ती नळी ताईने हातात घ्यावी अशी त्यांची फार इच्छा होती. ताईने संगणक घेतला. भट्टी विझली, आणि बापलेकीचं बोलणंही चहा आणि गोळ्या-औषधांपुरतं उरलं.

बाबा दारातूनच म्हणाले, “श्वास रोखून फुंकता येत नाही.”

“मग तुम्हीच या ना!” ताई वैतागून म्हणाली. तिने ते टोमणा म्हणून म्हटलं होतं. बाबांनी मात्र चप्पल काढली आणि शेजारच्या खुर्चीत बसले.

मित्रांनो, तोवर माझ्यात दोघींनी फुंकलं होतं. पण बाबांची फुंकर काही वेगळीच होती. ती सुरू कधी झाली हेच कळलं नाही. कोवळ्या उन्हासारखी ती नळीतून आली, आणि मी लगबगीने आकडा पाठवला, एक... दोन... तीन. क्लॅरिनेट ढिम्म. एवढ्या हलक्या श्वासाला आवाज द्यायचाच नाही, असं संगणकाला सांगून ठेवलेलं होतं.

“बिघडलीय वाटतं फुंकणी,” बाबा म्हणाले.

“नाही बाबा,” ताई पडद्याकडे बघत म्हणाली, “तिला तुमचा श्वास कळतोय. मीच उंबरा फार उंच ठेवलाय. थांबा.”

मग तीन दुपारी दोघं माझ्यापाशी बसली. पट्टी किती जोरात दाबली याच्याशी आवाजाचं असलेलं नातं ताईने तोडून टाकलं. पट्टीने फक्त कोणता सूर ते सांगायचं, बाकी सगळं श्वासाने. नुसता लहानमोठा आवाजच नव्हे, तर सुराचा पोतही माझ्या हाती दिला. हळू फुंकलं की लोकरीसारखा, जोरात फुंकलं की पितळेसारखा. संगणकाची ठरीव थरथर बंद केली. श्वास थरथरेल तेवढंच सुराने थरथरायचं. आणि पडद्यावर एक रेघ होती. किती फुंकलं की किती वाजायचं ते ती रेघ ठरवी. ताईने ती सरळ तिरकी ठेवली होती.

“काचेला असं एकदम वर नेलं की फुटते,” बाबा म्हणाले. “आधी आडवी राहू दे. मग हळूहळू उचल. सुरईची मान असते ना, तशी.”

ताईने रेघ तशी वाकवली. बाबांनी फुंकलं, ताईने पट्टी दाबली, आणि कुठूनही न आल्यासारखा सूर खोलीत आला. फुलला, थांबला, मावळला. आई स्वयंपाकघरातून ओला हात पुसत बाहेर आल्या. “जन्मभर भट्टीपुढे फुंकलंत, आता पडद्यापुढे फुंका,” एवढंच म्हणाल्या, पण तिथेच बसून राहिल्या.

दिग्दर्शकबाईंनी दोनदा ऐकलं. “कुणी वाजवलं?” त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, “दोघांनी. बोटं माझी, श्वास बाबांचा.” काम मिळालं.

ती माझी ऐन भराची वर्षं. आम्ही सिनेमे केले, बाहुल्यांचं एक नाटक केलं. बाबा फुंकायला लागले की ताईचाही श्वास त्यांच्याबरोबर चाले. पुढे पुढे दोघांना खुणाही लागत नसत. बोलणंही वाढलं. कधी भांडणसुद्धा होई, आणि ते ऐकून आई म्हणत, “चला, घर जिवंत आहे.”

मग ताईला एका संस्थेत शिकवायचं काम मिळालं आणि मी खणात गेले. कुणी मुद्दाम टाकलं नाही. आज काढू, उद्या काढू करत दोन वर्षं गेली. माझ्यावर तारांची गुंतवळ पडली, नळी पिवळी पडून कडक झाली. चोचीत जुनी लाळ वाळून बसली होती. सांगायलाही लाज वाटते.

त्याच दिग्दर्शकबाईंचा फोन आला तेव्हा मला बाहेर काढलं. ताईने चोच धुतली, नवी नळी लावली. बाबा हसत येऊन बसले, आणि त्यांनी फुंकलं.

मित्रांनो, मी दचकले. फुंकर तीच होती, तेवढीच हळुवार. पण पूर्वी जो आकडा शंभरापर्यंत जायचा, तो साठावर दमला. सूर ओळीच्या मध्येच खाली बसला. बाबा माझ्याकडे बघत राहिले. ताई घाईने म्हणाली, “तार सैल असेल. उद्या बघते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाबा फिरायला गेले असताना, तिने पडद्यावरची रेघ उचलली. थोड्या फुंकरीला खूप आवाज. दुपारी बाबा बसले आणि क्लॅरिनेट पूर्वीसारखं भरून वाजलं. “बघ! तारच होती,” बाबा खूश झाले. ताई हसली, पण त्यांच्याकडे न बघता. चार दिवस असे गेले. मी जेवढा श्वास आला तेवढाच आकडा कळवत होते. पण पुढे संगणकात त्याचं काय होतंय ते मला दिसत होतं, आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं.

पाचव्या दिवशी ताईने पट्टीवर बोट ठेवलं होतं. बाबा काहीतरी आठवून माझ्यातच जरासे हसले. नुसता हसण्याचा एक हलका हुंकार. आणि क्लॅरिनेट केवढ्याने ओरडलं!

बाबांनी चोच ओठातून काढली. “हे मी नाही,” ते म्हणाले. आणि उठून गॅलरीत गेले.

दोन दिवस ते खोलीत आले नाहीत. दिग्दर्शकबाईंचा फोन दोनदा वाजून थांबला. तिसऱ्या दिवशी आई बाबांना म्हणाल्याचं मला ऐकू आलं, “अहो, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून केलं तिने.”

“तेच तर,” बाबा म्हणाले.

मग ताईच गॅलरीच्या दारात जाऊन बसली. खाली, उंबऱ्यावर.

“चुकलं माझं, बाबा. रेघ पहिल्यासारखी करते.”

बाबांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. मग म्हणाले, “भट्टीवर शेवटची पाच वर्षं माझी फुंकर कमी पडायला लागली होती. मोठी सुरई होईना. मी छोटी अत्तरदाणी करायला लागलो. चांगली व्हायची. पण मला कळलं होतं, म्हणून केली ना? कुणी मागून गुपचूप फुंकर घालून सुरई मोठी केली असती, तर मी तिला माझी म्हटलं असतं का?”

ताईने मान खाली घातली.

“आणि पहिल्यासारखी कशाला करतेस?” बाबा पुढे म्हणाले. “मी चष्मा लावतोच की. पण डॉक्टर सांगतो, काका, नंबर वाढला. झोपेत येऊन कुणी काचा बदलत नाही. माझा नंबर वाढला, तर मला सांगायचा.”

“वाढलाय, बाबा,” ताई म्हणाली.

“हां. आता कसं! किती?”

दोघं आत आली. बाबांनी माझी चोच ओठात धरली, ताईने रेघ हळूहळू उचलली. “अजून... अजून... बस,” बाबा बोटाने खुणावत होते. जिथे रेघ उचलूनही पुरेना, तिथे ताईने चालच बदलली. लांब ओळ मोडून दोन छोट्या केल्या, मध्ये श्वासाला जागा ठेवली. दिग्दर्शकबाईंनी ते ऐकलं तेव्हा या वेळी काहीच विचारलं नाही. नुसतं म्हणाल्या, “पुन्हा लावा.”

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले आहे. माझी एकच विनवणी. आमच्यासारख्यांना काम झाल्यावर कोमट पाण्याने धुवा, नळी उलटी टांगून वाळू द्या, आणि खणात टाकाल तर अधूनमधून उघडून बघा. आणि घरातल्या थकलेल्या माणसाचं काही सोपं करून द्याल, तर जरूर द्या, पण त्याला सांगून, त्याच्याजवळ बसून.

ती रेघ बाबा आता स्वतःच सांभाळतात. आजही त्यांनी माझ्यात दोनदा फुंकून पाहिलं, पडद्याजवळ डोळे नेले, रेघ एक घर वर सरकवली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली, “अगं, आज एक नंबर वाढवलाय!”

“बरं बाबा,” आतून ताई म्हणाली, “आलेच.”