जेवन्या अंगाले

कॉलेज जिंकलं असतं तर किसनराव भोयरच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी पाहून घेऊ. चषक प्राचार्यांच्या कपाटात गेला असता. प्रमाणपत्रं पोरांना मिळाली असती आणि क्रीडाशिक्षक वानखडे सरांच्या बढतीच्या कागदात एक ओळ वाढली असती. किसनरावला मिळणार होती एक खुर्ची. विजयी संघाचा फोटो निघेल तेव्हा पुढच्या रांगेत, सरांच्या शेजारी, भोयरला बसवायचं, असं सर सेमीफायनलनंतर भर मैदानात बोलून गेले होते. सर बोलले आणि विसरले. किसनरावनं नवा शर्ट शिवून घेतला.

तो शर्ट आता कोऱ्याचा कोरा होता आणि त्याचा मालक कॉलेजच्या गेटसमोर नानाजीच्या टपरीवर बसून फायनलचं पोस्टमॉर्टम करत होता.

"इकला गेला पोट्टा," किसनराव म्हणाला.

"कोन?" नानाजीनं गाळणी झटकली.

"कोन म्हंजे? ओम्या. आपला गोलकीपर."

"भाऊ, काल संध्याकाळी पंच इकला गेलता. सकाळी म्हने सर इकले गेले. आता गोलकीपर. दुपारपावतर माह्यावर येशीन तू."

"तुह्यावर नाई येत. तुले कोन घेते इकत?"

टपरी हसली. किसनराव हसला नाही. संशय ही त्याची पोटाची सवय होती. तो नगरपालिकेत नळाचे व्हॉल्व्ह सोडायच्या कामावर होता, आणि यवतमाळात जो माणूस पाणी सोडतो त्याच्याशी कोणीच कारणाशिवाय गोड बोलत नाही. सणाला ज्या घरून करंजी येते त्या घराची लाइन कोणती, हे त्याला करंजी तोंडात जाण्याआधी कळायचं. फक्त मैदानावर त्याला कोणी काही मागत नव्हतं. या कॉलेजात तो शिकला नव्हता, कुठल्याच कॉलेजात शिकला नव्हता. पण व्हॉल्व्ह बंद केला की सायकल थेट इकडे वळे. बाभुळगावची शेती भावाकडे, पोरगी नांदायला गेलेली; 'आपलं' म्हणायला उरलं होतं ते हे कॉलेज. म्हणून तर 'आपला' गोलकीपर विकला गेला, याचा त्याला एवढा राग.

पुरावा त्याच्याकडे दोन होते. पहिला कानाचा. फायनलच्या सकाळी ओम राठोड अकोल्याच्या कॅप्टनबरोबर झाडाखाली उभा होता आणि दोघं गोर बोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, बोलत होते. किसनरावला त्यातला एक शब्द समजला नाही, पण वाक्याच्या शेवटी येणारा 'छ' ऐकू येत होता आणि मध्ये मध्ये हसणं. आपल्याला न कळणाऱ्या बोलीत माणसं आपल्याविषयीच बोलतात, यावर किसनरावचा पक्का विश्वास होता.

दुसरा पुरावा डोळ्यांचा. तोच खरा.

सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्टीवर गेला. शेवटची किक अकोल्याच्या नऊ नंबरची. हे पोरगं जोर लावायचं असलं की स्वतःच्या उजव्या हातालाच मारतं, हे किसनरावनं अकोल्याच्या सेमीफायनलमध्ये हेरून ठेवलं होतं. नऊ नंबर धावत सुटल्यावर त्यानं बेंबीच्या देठापासून आवाज दिला: "ओम्या, जेवन्या अंगाले!" वऱ्हाडात उजव्या हाताला जेवना हात म्हणतात, ज्यानं जेवायचं तो जेवना. सीझनभर या आवाजानं कॉलेजचा गोल वाचवला होता. किसनराव ओरडायचा आणि ओम त्या अंगाला झेप घ्यायचा.

"मी म्हनलं जेवन्या अंगाले," किसनराव टपरीला सांगत होता. "बॉल आलाबी जेवन्याच अंगाले. अन हा पोट्टा उडला डाव्या अंगाले! झोपेतलं लेकरूबी अशी चूक नाई करत. त्यानं मुद्दाम केलं."

नानाजी कप विसळू लागला. किसनराव उठला आणि रस्ता ओलांडून वानखडे सरांकडे गेला.

सरांनी लगेच ऐकून घेतलं, कारण सरांना ते हवंच होतं. प्राचार्यांनी त्यांना दुपारी बोलावलं होतं आणि हरल्याचं कारण मागितलं होतं. सरांच्या अंगावर येणार नाही असं एकही कारण त्यांच्याजवळ नव्हतं. ते आता चपला घालून स्वतःच्या पायांनी चालत आलं होतं.

"तुम्हाला खात्री आहे, भोयर?"

"मी कोनाचं नाव नाई घेत सर. जे डोयानं पाह्यलं ते सांगून राह्यलो."

नाव तर त्यानं दारातच घेतलं होतं. सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. विद्यापीठाच्या संघासाठी कॉलेजकडून नावं जायची होती, आणि त्यात पहिलं नाव ओमचं होतं. आर्णीकडच्या तांड्यावरचं पोरगं. विद्यापीठाकडून खेळलो तर पुढे पोलीस भरतीत खेळाडू म्हणून उभं राहता येईल, एवढ्या एका आशेवर गेली तीन वर्षं मातीत अंग घासत होतं.

"बघतो," सर म्हणाले. सरकारी माणूस 'बघतो' म्हणाला की काहीच होत नाही, हा किसनरावचा अनुभव. या वेळी तो खोटा ठरला.

एवढ्यावर किसनरावचं समाधान व्हायला हवं होतं. पण संशयी माणसाला कबुली लागते. त्याशिवाय त्याला जेवण जात नाही. चौथ्या दिवशी दुपारी तो मैदानावर गेला. ओम एकटाच गोलाची जाळी सोडत होता.

"काकाजी, तिकडून धरा जरा. गुत्ता होते."

किसनरावनं जाळी धरली. धरल्या जाळीनं चौकशी सुरू झाली.

"तो अकोल्याचा कॅप्टन तुहा कोन लागते बे?"

"सेवादास? आत्याचा पोरगा हाये माह्या."

"बरं. मंग मॅचच्या दिवशी काय चालू होतं तुमचं झाडाखाली?"

"राखीचं. बहीन माही. सेवादासच्या दोस्ताकडचे पाहुने येतो म्हनत होते, पाठवू का नको इचारत होता."

"अन हासून काहून राह्यलते?"

"लग्नाचं बोलतानी रडू का काकाजी?"

पहिला पुरावा गेला. किसनरावनं जाळीची दुसरी गाठ सोडली आणि दुसरा काढला.

"माहा आवाज आयकू आला होता का नाई तुले? खरं सांग."

"आला ना."

"काय म्हनलो मी?"

"जेवन्या अंगाले म्हनले."

"मंग डाव्या अंगाले काहून उडला?"

ओमनं जाळीची घडी घातली. मग आणखी एक घातली, जिची गरज नव्हती.

"मी जेवन्याच अंगाले उडलो काकाजी."

"माह्या डोयादेखत—"

"तुमी कुठं उभे होते?"

किसनराव हात करून दाखवायला वळला आणि हात अर्ध्यातच थांबला. सीझनभर तो गोलाच्या मागे, जाळीला नाक लावून उभा राहायचा. फायनलला पाहुण्यांच्या खुर्च्या मांडायच्या म्हणून पंचांनी मागची गर्दी हटवली. तेव्हा तो शिव्या देत वळसा घालून समोर आला होता. नऊ नंबरच्या पाठीमागे.

त्यानं तिथं जाऊन उभं राहून पाहिलं. आपला जेवना हात वर केला. समोर गोलात ओमनं आपला वर केला. दोन जेवने हात, मैदानाच्या दोन अंगांना.

किसनराव भोयर बाभुळगावात धुरकऱ्याचा, म्हणजे बैलबंडी हाकणाऱ्याचा, पोरगा म्हणून वाढला. बैलाला वळवायचं ते बैलाच्या मागून. बंडीवर बसलेल्याचं जेवनं ते बैलाचंही जेवनं. गोलकीपरलाही त्यानं सीझनभर मागूनच हाकललं. उभ्या जन्मात कोणाच्या समोर उभं राहून त्यानं दिशा सांगितली नव्हती. पहिल्यांदा सांगितली ती त्या शेवटच्या किकला.

"तुले कवा कयलं?" त्यानं विचारलं.

"उडलो तवाच. हवेत."

"मंग सरले काहून नाई सांगतलं?"

"सर पह्यलेच बोलले होते. बाहेरून वरडनाऱ्याचं आयकशीन त याद राख, अन त्या वरडनाऱ्यालेबी गेटाच्या आत येऊ देनार नाई." ओम जाळी खांद्यावर टाकत होता. "म्हनलं, तुमाले बंद केलं त तुमी संध्याकायी जासान कुठं?"

हे पोरगं आपल्याला काय मागतंय, कोणत्या लाइनवर राहतं, हे सवयीनं त्याच्या डोक्यात एकदा फिरून आलं. ओम कॉलेजच्या मागच्या वस्तीत खोली करून होता; तिथं नळच नव्हता.

त्याच पायांनी तो सरांकडे गेला. सगळं सांगितलं, हात वर करूनसुद्धा दाखवले. सरांनी चष्मा पुसला.

"नावं कालच गेली भोयर. ओमचं नाही पाठवलं."

"आज पाठवा ना सर."

"आणि काय लिहू? नळवाल्यानं सांगितलं म्हणून नाव काढलं, नळवाल्यानं सांगितलं म्हणून परत घातलं?"

"तसंच लिहा. खाली मी सही करतो."

"तुमच्या सहीनं काय होणार आहे?" सर चिडून नाही, अगदी समजुतीनं म्हणाले. "परवा तुम्ही म्हणत होता त्याची चूक. आज म्हणता तुमची. उद्या माझी म्हणाल."

किसनराव दाराकडे वळला. "म्हननारच होतो," तो म्हणाला आणि निघाला.

ओमला सरांनी यादीचं सांगितलं होतं, आणि कोणाच्या सांगण्यावरून, तेही. सर स्वतःच्या अंगावर काही ठेवून घेणारे नव्हतेच. ओम खोली बंद करून गावी निघाल्याचं किसनरावला नानाजीकडून कळलं. तो एसटी स्टँडवर पोचला तेव्हा ओम आर्णीच्या फलाटावर बॅग घेऊन उभा होता आणि बाजूला त्याची याडी, म्हणजे आई, रुपीबाई. पाहुणे यायचे ठरले होते, त्याच्या खरेदीला ती सकाळीच आली होती.

माफी मागायची वाक्यं किसनरावनं सायकलवर जुळवून आणली होती. रुपीबाईला पाहून तो सायकलच स्टँडवर लावत राहिला.

"याडी, हेच काकाजी," ओम म्हणाला.

"हेच का?" रुपीबाईनं कपाळापर्यंत पदर घेतला. "पोरगा सांगते ना, यवतमायात आपलं मानूस हाये एक. गोलाच्या मांगं उभं राह्यते म्हने. मी म्हनलं, कोन उभं राह्यते बा आजकाल कोनाच्या मांगं?" तिनं पिशवीतून तुरीच्या शेंगा काढल्या, हिरव्यागार, पानांसकट, आणि हातरुमालात बांधल्या. "घ्या. घरच्या हायेत. उकडून खा मीठ टाकून."

"बाई, माह्याकून तुमच्या पोराचं—"

"काकाजी, बस लागली," ओम म्हणाला. बस अजून लागायची होती. ड्रायव्हर खाली उभा राहून तंबाखू मळत होता.

किसनरावनं शेंगा घेतल्या. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण ओमनं तोडून टाकलं होतं. बस लागली तेव्हा रुपीबाईनं खिडकीतून पुन्हा सांगितलं, जास्त नका उकडू, गोडी जाते.

तर हरण्याचा खर्च कोणावर पडला, तेवढं पाहायचं राहिलं. वानखडे सरांवर नाही. त्यांनी प्राचार्यांना कारण दिलं आणि प्राचार्यांना ते पटलं. नानाजीची टपरी आठवडाभर त्याच विषयावर चालली. किसनरावला मैदानावर यायला कोणी बंदी केली नाही. तोच हल्ली व्हॉल्व्ह बंद केला की सायकल घराकडे वळवतो, त्याला काय तोटा म्हणायचं ते तो जाणे. विद्यापीठाचा संघ ओमला सोडून गेला. आणि कॉलेज जिंकलं की हरलं हे जिनं विचारलंही नव्हतं, तिच्या घरच्या शेंगा गेल्या.