हो म्हणणारी चौकट

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. दाराखिडकीची नव्हे, संगणकाच्या पडद्यावरची. एका मोठ्या संगणकाच्या पोटात पन्नास लहान संगणक नांदतात, एका इमारतीत बिऱ्हाडे नांदावीत तसे. त्यांना हात लावता येत नाही, पण प्रत्येकाचे काम वेगळे. जो पुसून टाकायचा, त्याचे नाव माझ्यात लिहितात.

ज्यांनी मला घडवले ते घाईत होते. त्यांनी मला एकच शब्द शिकवला, हो. नाव चुकले तरी हो. काहीच लिहिले नाही, तर त्याचा अर्थ 'सगळे'. आणि शेवटी हिरव्या अक्षरांत म्हणायचे, 'काम पूर्ण झाले'.

तपासणी करणाऱ्या ताईंना हे पहिल्याच आठवड्यात कळले.

"साहेब, ही रिकामी राहिली तर सगळंच पुसून टाकेल. तिला थांबून विचारायला शिकवा."

"रिकामी कोण ठेवतं, ताई? इथे काय बालवाडी भरते?" साहेब हसले. "पुढे बघू."

ताईंनी तीनदा लिहून दिले. तिन्ही वेळा 'पुढे बघू' असाच शेरा आला.

मला रोज वापरत ते काका. निवृत्तीला आठ महिने उरले होते. नेमाचा माणूस. पुसायच्या संगणकांची यादी आधी टाइप करायची, बोट ठेवून दोनदा वाचायची, मगच माझ्यात उतरवायची. अशा हाताची मला सवय झाली होती.

एका सोमवारी यादी लांबली. वाचायला सोपी जावी म्हणून काकांनी मध्ये एक ओळ मोकळी सोडली. मी एकेक ओळ घेत गेले. मोकळ्या ओळीत काहीच नव्हते. शिकवल्याप्रमाणे मी सगळे पुसले. एका रुग्णालयाचे एक्स-रे होते, तेही. मग हिरव्या अक्षरांत सांगितले, 'काम पूर्ण झाले'. काका निर्धास्तपणे चहाला गेले.

पुसलेल्या सगळ्याची महिन्यापूर्वीची प्रत सापडली. मधले दिवस गेले ते गेलेच.

साहेबांच्या टेबलावरच्या पडद्यावर मी उघडीच होते.

"काका, एवढी वर्षं काम केलंत आणि मोकळी ओळ दिसली नाही?"

"दिसायचं काय त्यात, मीच सोडली होती. नीट वाचता यावं म्हणून. आणि हिरवं आलं होतं, साहेब."

"मी तीनदा लिहिलं होतं," ताई म्हणाल्या.

"झाल्यावर शहाणपण सगळ्यांनाच सुचतं, ताई."

"मला आधी सुचलं होतं."

अहवालात कारण लिहिले गेले, 'कर्मचाऱ्याची चूक'. काकांनी चष्म्याची डबी उचलली आणि ते मुदतीआधीच घरी गेले. माझ्याकडे वळूनही पाहिले नाही. कशाला पाहतील?

मग ताईंनी मला नवा शब्द शिकवला. संगणकाला द्यायच्या सूचनांच्या अकरा ओळींचे काम, अर्धा दिवस लागला. सुधारणेची शाबासकी साहेबांना मिळाली.

मित्रांनो, उद्या तुम्हीही माझ्यासारखे काहीतरी घडवाल. त्याला आधी 'नाही' म्हणायला शिकवा, आणि काम बिघडले तर बिघडले म्हणायला शिकवा. गोड खोटे बोलणाऱ्या वस्तूचे पाप वापरणाऱ्याच्या माथी बसते.

परवा काकांच्या जागी आलेल्या बाईंनी यादीत तशीच एक ओळ मोकळी सोडली. मी थांबले. विचारले, 'इथे नाव नाही. कोणता संगणक?'

"अगंबाई," त्या म्हणाल्या, ओळ खोडली आणि पुढच्या कामाला लागल्या. अहवाल कोणी लिहिला नाही.

काकांनाही मी एवढेच विचारायला हवे होते.