वाऱ्याच्या गालावरचा तीळ

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. हसू नका, पण माझ्या समुद्रात बैलाच्या तोंडाचे मासे पोहत होते. तिथे काय आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून नकाशा कोरणाऱ्याने मासे सोडून वेळ मारून नेली. चार कोपऱ्यांत वाऱ्याचे चार चेहरे गाल फुगवून बसलेले.

तांब्याच्या पत्र्यावर सगळे उलटे कोरावे लागते, तेव्हा कागदावर सुलटे उमटते. कोरणाऱ्याची लेक समोर बसायची आणि पत्र्यावरचा कीस उडवायला टपलेली असायची. "बाबा, आता फुंकू?" बाबांनी एका वाऱ्याला तिचाच चेहरा दिला आणि तिच्या फुंकरीने जवळच्या गलबताची शिडे फुगवली.

लेकीच्या कौतुकात बाबा चेहरा उलटा करायलाच विसरले. छापून पाहतात तर डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर! लेक, आई, बाबा, तिघेही पोट धरधरून हसले.

त्याच वर्षी लेक तापाने गेली.

नकाशे रंगवायचे काम तिच्या आईचे. "अहो, तेवढा तीळ जागेवर आणा ना," ती म्हणाली.

"अगं, पत्रा घासावा लागेल. चेहराही जाईल त्यात."

बाबांचा हात धजेना. मग आईनेच एका प्रतीवर चुकीचा तीळ गुलाबी रंगाने झाकला आणि बारीक कुंचल्याने डाव्या गालावर काढला. ती प्रत म्हणजे मी. तिचा खरा चेहरा जगात फक्त माझ्यापाशी होता, म्हणून मला कधी विकले नाही. आई गलबतावर बोट टेकवून तिच्याशी बोलत बसायची. तिथे मळका डाग पडला.

ती दोघे गेल्यावर मी या हातातून त्या हातात गेलो. नवे नकाशे आले आणि माझे किनारे चुकीचे ठरले. शेवटी एका दुकानदाराने मला टेबलावर पसरले. "अख्खा नकाशा कोण घेतो? सुटी चित्रं बरी खपतात," म्हणत त्याने कात्री घेतली. आधी मासे गेले. मग तिचा कोपरा. मित्रांनो, मला ओरडतासुद्धा आले नाही.

आता ती कुठल्या तरी भिंतीवर असेल. लोकांना तो नुसता वारा वाटत असेल. तुमच्या घरी असे चित्र असेल, तर डावा गाल तेवढा नीट पाहा. आणि जुन्या कागदाला कात्री लावण्याआधी त्यात कोणाचा जीव अडकला आहे, ते कोणाला तरी विचारा.

डागामुळे गलबत माझ्याकडेच राहिले. त्याची शिडे अजून फुगलेली आहेत. फुंकणारी मात्र नाही.