तळाच्या ओळीतली दोन मते

मित्रांनो, एमिल वोंद्राने मला शेवटचे धुतले तो मे महिन्यातला एक सोमवार होता. दुसऱ्या दिवशी प्रायमरी, म्हणजे पक्षांतर्गत निवडणूक, होती. त्याने बादलीभर कोमट पाण्यात थोडा व्हिनेगर घातला, जुना सदरा बुडवून पिळला आणि मला वरून खाली पुसत आणले. मी वाळल्यावर तो शिडीवर चढला आणि खडूची पूड लावलेले सूत ताणून रेघा मारू लागला. सूत सुटले की टप् असा आवाज होई आणि एक सरळ रेघ माझ्या अंगावर उमटे.

दुपारी त्याची मुलगी लिबी आली. ती गावच्या छोट्या दवाखान्यात नर्स आहे. तिच्या हातात डुकराच्या मांसाचा आणि आंबट कोबीचा डबा होता.

"पप्पा, खाली उतरा. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"मीठ खाऊ नको म्हणून सांगितलंय. शिडीचं नावही काढलं नाही."

"मग मी काढतेय."

"तू नर्स आहेस. नर्सचं मी दवाखान्यात ऐकतो. हे माझं दुकान आहे."

लिबीने डबा बाकावर ठेवला आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. एमिलने उरलेल्या रेघा मारल्या. मग दोघे बाकावर बसून जेवली. वारा होता. रस्त्यापलीकडची पवनचक्की करकरत होती.

"खाद्यगृहातल्या ओपलला निरोप दे," एमिल म्हणाला. "उद्या त्या आंबट रूबार्बच्या पाय-पेस्ट्रीत साखर घाल म्हणावं. मागच्या खेपेला सगळ्या काउंटीचं तोंड वाकडं झालं होतं."

"तुम्हीच सांगा. मला तिच्याकडून केस कापून घ्यायचेत."

एवढेच बोलणे झाले. पहाटे तो झोपेतच गेला.

आता मी कोण ते सांगतो. मी दगडी पाटीचा एक जुना फळा आहे. पूर्वेकडच्या एका खाणीतून निघालो, रेल्वेने नेब्रास्कात आलो आणि बरीच वर्षे एका खोलीच्या शाळेत भिंतीला होतो. माझ्यावर मुलांनी बेरजा केल्या, बोराइतक्या अक्षरात आपली नावे लिहिली आणि शिक्षिका येण्याआधी ती पुसली. शाळा बंद झाली तेव्हा एमिलच्या वडिलांनी मला आणि माझ्या जोडीच्या फळ्याला विकत घेतले. दोघांना एकाच चौकटीत बसवले आणि आपल्या चाऱ्याच्या दुकानाच्या ओसरीवर टांगले.

त्यांची कल्पना साधी होती. मे महिन्यात दोन्ही पक्षांचे मतदार आपापला उमेदवार निवडतात. खरी लढत नोव्हेंबरात. पण आमच्याकडे एकाच पक्षाचे, रिपब्लिकनांचे, लोक इतके, की जे काही ठरायचे ते मेमध्येच ठरते. रेडिओवर राज्याची बेरीज सांगत, मोठ्या शहरांची नावे घेत आणि गाणी लावत. कोणत्या काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, कोणाला किती मते दिली ते गुरुवारच्या साप्ताहिकात येई. तोवर कोणाला दम धरवत नसे. म्हणून एमिलचे वडील प्रत्येक काउंटीची वेगळी ओळ माझ्यावर आखत आणि संध्याकाळी टेलिफोनवरून येतील तसे आकडे भरत. रिपब्लिकनांचे पांढऱ्या खडूने, डेमोक्रॅटांचे पिवळ्या.

ओळींचा क्रम मुळाक्षरांचा नव्हता. आमच्या राज्यात मोटारीच्या नंबरपाटीवर काउंटीचा आकडा असतो. ज्या काउंटीत मोटारी जास्त तिचा आकडा लहान. माणूस कुठला आहे हे त्याने तोंड उघडण्याआधीच कळते. माझ्यावरही तोच क्रम होता. सर्वांत वर मोठे शहर, सर्वांत तळाला आमची केनिंग काउंटी. वाळूच्या टेकड्या, गवत, गुरे आणि पोस्ट ऑफिस असलेले हे एकच गाव.

आमची मते मूठभर, म्हणून ती मोजून सर्वांत आधी होत. फळा तळापासून भरायला लागे. वडिलांनंतर एमिल हे काम करू लागला. आपल्या काउंटीचे आकडे लिहायला त्याला गुडघे टेकावे लागत. लोक बाकांवर, ट्रकच्या पाठीवर बसत. ओपल, जिचे कोपऱ्यावर खाद्यगृह आहे आणि जी गावातल्या बायकांचे केसही कापते, पाय-पेस्ट्री आणि कॉफी आणे. कोणी म्हणे, "काय अक्षर आहे एमिलचं! बँकेच्या दारावर असावं असं." मला ते आवडे. मी दगड असलो तरी माझी स्तुती मी ऐकत असे.

एमिलला एक गोष्ट अडचणीची होती. तो डेमोक्रॅट होता. त्याचे वडील होते म्हणून तोही होता. याहून अधिक कारण त्याने कधी दिले नाही. त्याच्या तरुणपणी पिवळ्या खडूच्या रकान्यात डझनभर मते तरी असत. मग कोणी मेले, कोणी गाव सोडले, कोणी कंटाळून पक्ष बदलला. पुढे एमिल, त्याची बायको ब्लांश, मुलगी लिबी आणि एक म्हातारे पाद्री एवढेच उरले.

"आली बघा एमिलची फौज!" डेल्बर्ट क्रूस दर वेळी ओरडे. डेल्बर्टची गुरे तीन टेकड्यांवर चरतात आणि आवाज चौथ्या टेकडीपर्यंत जातो. एमिल गुडघ्यावर बसूनच उत्तर देई, "थोडी आहे, पण शिस्तीची आहे. तुझ्यासारखी हंबरत नाही."

पाद्री वारले. त्यानंतरच्या हिवाळ्यात ब्लांशही गेली.

तिला छातीत कळ आली तेव्हा आमच्या काउंटीची एकुलती रुग्णवाहिका दुसरीकडे गेली होती. शेजारच्या काउंटीची निघाली, पण त्या काळच्या नियमाप्रमाणे तिने हद्दीपर्यंतच यायचे होते. शेजाऱ्यांनी ब्लांशला ट्रकमध्ये घालून हद्दीवरच्या पाटीपाशी नेले. सोबत लिबी होती. तिथे बर्फात रुग्णाला एका गाडीतून दुसरीत हलवताना ब्लांश गेली. हे मी पाहिलेले नाही. ओसरीवर लोक हलक्या आवाजात बोलत, त्यातून मला कळले.

पुढच्या प्रायमरीत डेमोक्रॅटांकडून गव्हर्नरपदासाठी दोघे उभे होते. त्यातला एकजण म्हणत होता की लहान लहान काउंट्या मोडून मोठ्यांत मिळवाव्यात. एक दवाखाना, एक रुग्णवाहिका, एक कचेरी. आमच्या गावात त्याचे नाव घेणाऱ्याला कॉफीसुद्धा मिळाली नसती. न्यायालय जाणार, शाळा जाणार, नंबरपाटीवरचा आकडा जाणार. लोकांना आकड्याचेच जास्त लागले होते.

मतदानाच्या आदल्या रविवारी बापलेकीचे माझ्यासमोर बोलणे झाले.

"पप्पा, त्या माणसाचं एकदा नीट ऐका तरी."

"ऐकलंय. माझ्या काउंटीला तो पुसायला निघालाय."

"काउंटीला नाही, हद्दीला. बर्फात हद्द दिसतसुद्धा नव्हती, पप्पा. एक पाटी होती नुसती. आणि आई तिथं..."

"लिबी."

"मी काही चुकीचं बोलतेय का?"

"नाही," एमिल म्हणाला. थोडा वेळ तो ओल्या सदऱ्याने एकच जागा पुसत राहिला. "पण ही ओळ माझ्या बापानं आखली. माझ्या हातानं ती पुसली जायची नाही. तुझं मत तुझं. मी विचारणार नाही आणि तूही सांगू नकोस."

मित्रांनो, मतदान गुप्त असते असे तुम्हाला शाळेत शिकवले असेल. ते खरे आहे. पण ज्या रकान्यात दोनच मतदार उरलेत तिथे गुपित कुठे ठेवणार? हे त्या दोघांच्याही ध्यानात आले नव्हते. एमिलने आयुष्यभर आकडे लिहिले होते, तरी आले नव्हते.

मंगळवारी सूर्य मावळतो न मावळतो तोच आमच्या काउंटीचा निकाल आला. एमिलने पांढरे आकडे लिहिले. मग पिवळा खडू घेतला. एका नावाखाली एक लिहिला. दुसऱ्या नावाखाली लिहिताना त्याचा हात थांबला. त्या क्षणी खडूचे टोक माझ्यावर टेकलेले होते. मग त्याने तिथेही एक लिहिला.

लोकांना मोजायला वेळ लागला नाही.

"थांब थांब," डेल्बर्ट म्हणाला. या वेळी तो ओरडला नाही. "मतं दोन. एक तुझं, एक पोरीचं. मग आपली काउंटी मोडायला निघालंय कोण? तू का ती?"

लिबी कॉफीचा ट्रे घेऊन दारात उभी होती. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. त्यातल्या निम्म्या माणसांचे रक्तदाब तीच तपासत होती. तिने तोंड उघडले.

"मी," एमिल म्हणाला. तो अजून गुडघ्यावरच होता. "माझं आहे ते मत. पोरीनं मला सतरांदा समजावलं, पण म्हातारपणी माणूस चळतो. डेल्बर्ट, लेका, तुझंही होईल. हात दे, उठव मला."

डेल्बर्टने हात दिला नाही. एमिल माझ्या चौकटीला धरून उठला. लिबीचे तोंड मिटले. ती आत गेली आणि कपांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

तो उमेदवार पडला. काउंटी राहिली. रुग्णवाहिकेचा नियम पुढे गाजावाजा न करता बदलण्यात आला. पण त्या वर्षी डेल्बर्टने चारा दुसऱ्या गावाहून आणला, आणि तो एकटाच नव्हता. दवाखान्यात मात्र लिबीकडे पूर्वीइतकीच गर्दी असे. लोक तिला म्हणत, "तुझ्या बापाचं मनावर घेऊ नकोस, पोरी. तू शहाणी आहेस." ती दंडाला पट्टा गुंडाळी आणि म्हणे, "बोलू नका, आकडा चढतो."

पुढे लोक परतले. लोकांना चाराही लागतो आणि गप्पाही. पण एमिलला नवे नाव पडले, काउंटीमोड्या. दर प्रायमरीला ते निघे. "काउंटीमोड्या, आज कोणती मोडतोस?" तो हसे. लिबी हसत नसे. एकदा दुकानात दोघेच असताना ती म्हणाली, "पप्पा, त्या वर्षी तुम्ही जे..." एमिल म्हणाला, "पिवळे खडू संपलेत का बघ बरं." खडू संपलेले नव्हते. ती बघून आली आणि म्हणाली, "आहेत." त्यावर दोघे पुन्हा बोलली नाहीत.

मग तो सोमवार आला, ज्याने मी सुरुवात केली. मंगळवारी संध्याकाळी लोक सवयीने ओसरीवर जमले. ओपलने पाय-पेस्ट्री आणली होती. माझ्यावर सगळ्या रेघा आखलेल्या होत्या आणि एकही आकडा नव्हता. डेल्बर्ट टोपी काढून थोडा वेळ उभा राहिला. मग सगळे घरी गेले. निकाल आता प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर असतोच.

दुकान बंद झाले. मला मागच्या शेडमध्ये गोण्यांआड ठेवले. माझ्या चौकटीत गांधीलमाशांनी घर केले, एका कोपऱ्यातून ओल चढली, आणि एमिलने आखलेल्या रेघा आपोआप फिक्या होत गेल्या. याचे मला विशेष दुःख झाले असे म्हणणार नाही. फळ्यावरचे सगळे पुसण्यासाठीच असते. तरीही, मित्रांनो, तुमच्याकडे एखादा जुना फळा असेल तर त्याला भिंतीला टेकवून ओलीत ठेवू नका. वर्षातून एकदा धुवा. आणि निकाल वाचताना लहान आकड्यापाशी जरा थांबा. मोठ्या आकड्यात माणूस सुखाने हरवतो. लहान आकड्यात त्याला लपायला जागा नसते, आणि कधी कधी दुसऱ्या कोणाला त्याच्यापुढे उभे राहावे लागते.

यंदाच्या मे महिन्यात लिबीने शेडचे दार उघडले. डेल्बर्ट तिच्या मदतीला आला होता. तो आता काठी घेऊन चालतो, पण एका हाताने त्याने माझी चौकट धरली. "केवढं वजन हे! एमिलनं हे एकट्यानं कसं टांगलं असेल?"

"त्यांनी नाही. आजोबांनी टांगलं."

"म्हणजे वोंद्रा मंडळी पहिल्यापासूनच अशी!"

मंगळवारी ओसरी पुन्हा भरली. फोन सगळ्यांच्या खिशात होते, तरी ते कोणी बाहेर काढले नाहीत. आमच्या काउंटीचा निकाल आला. लिबीने पांढरे आकडे लिहिले आणि मग पिवळ्या खडूने एकच एक. तिचे अक्षर बापाच्या अक्षराहून तिरके आहे.

"मतदान गुप्त होतं बरं का!" कोणीतरी म्हणाले, आणि सगळे हसले. लिबीही हसली.

"एमिल होता तेव्हा निदान दोन तरी होती," ओपल म्हणाली.

"होती, पण त्यातलं एक कसलं होतं?" डेल्बर्ट म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. "गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये. चांगला माणूस. माझ्या अडचणीला रात्रीबेरात्री चारा पोचवलान. पण खरं सांगतो पोरी, ते एक मत मी त्याला कधी माफ केलं नाही. उठताना हात मागितलान, तोसुद्धा दिला नाही."

लिबी उठून उभी राहिली. तिची बोटे पिवळी झाली होती. ती त्याच्यासमोर आली आणि त्याच्याकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात म्हणाली,

"डेल्बर्ट, ते मत माझं होतं. पप्पांनी काउंटीच्या बाजूनंच दिलं होतं. काउंटी मोडायचं मत मी दिलं, आईसाठी. माझ्याकडे कोणी बोट दाखवू नये म्हणून ते खोटं बोलले, आणि मी त्यांना बोलू दिलं."