तास संपला!

तुओको शहराच्या फुटबॉल मैदानात पूर्वेच्या पायऱ्यांवर एक नियम होता, आणि तो कुणी लिहून ठेवलेला नव्हता. रानमावशीच्या ढोलावर टिपरू पडल्याशिवाय 'तास संपला' ही आरोळी कुणी द्यायची नाही. पंचाला शिव्या घाला, समोरच्या गोलकीपरच्या सात पिढ्या उद्धरा, मावशी हसत ऐकून घेईल. पण 'तास संपला' म्हणजे आपल्याच प्रशिक्षकाला हाकलणं. मास्तर, फळा पुसा आणि चालू लागा! चीनच्या या सिचुआन प्रांतात या आरोळीपायी भल्याभल्या मास्तरांनी दुसऱ्या दिवशी गाशा गुंडाळलाय. ती उठसूट काढायची नाही, असं मावशीचं म्हणणं. आणि मावशीचा शब्द मोडायची पूर्वेच्या पायऱ्यांवर कुणाची टाप नव्हती.

तिचं नाव रान गुइझेन. मैदानामागच्या गल्लीत तिचं सशाची मुंडकी विकायचं दुकान होतं. माल असा जहाल, की खाणाऱ्याचं नाक आधी गळायचं आणि मग तोंड हलायचं. नवरा लवकर गेला, पोरबाळ नाही. एक धाकटा भाऊ योंगहे आणि दुसरा हा क्लब. दोघांनाही मीच वाढवलं, असं ती ठणकावून सांगायची. भावाबद्दल तरी ते शंभर टक्के खरं होतं.

क्लब मुळात बॉयलर कारखान्याचा. पाळी सुटली की कामगार काजळलेल्या तोंडानं तसेच पायऱ्यांवर येऊन बसायचे. पुढं क्लब व्यावसायिक झाला, पहिल्या श्रेणीत पोचला, आणि त्याच सुमारास कारखान्याला टाळं लागलं. मग एका दारूवाल्यानं क्लब घेतला, शर्टावर बाटली आली. त्याच्यामागून औषधवाला आला, बाटलीच्या जागी गोळी आली. आता त्सुई नावाचा इमारती बांधणारा मालक होता. दर मालकागणिक क्लबचं बारसं नव्यानं झालं. मावशीच्या तोंडात त्यातलं एकही नाव कधी बसलं नाही. "आमचे बॉयलरवाले," एवढंच ती म्हणायची.

योंगहे उमेदीची सगळी वर्षं बॉयलरवाल्यांच्या बचावफळीत खेळला, मग प्रशिक्षकाचं मोठं प्रमाणपत्र मिळवून बाहेरगावी शिकवत होता. गेल्या हिवाळ्यात त्सुईनं त्याला गळ घातली. प्रमाणपत्रवाला मास्तर नसेल तर संघाला लीगमध्ये उतरू देणार नाहीत, आणि तू तर बॉयलरवाल्यांचंच पोर! तेवढ्यावर हा गडी विरघळला. तीन वर्षांचा करार त्यानं न वाचता सही करून दिला. आपल्या घरच्यांचा कागद कुणी वाचतं का? तुओकोची माणसं ही अशीच, आणि त्यातच मरतात.

संघ हरायला लागला तो हरतच राहिला. पायऱ्यांवरच्या नजरा मैदानावरून ढोलाकडे वळू लागल्या.

"गुइझेन, मनगट दुखतंय वाटतं हल्ली?" म्हातारा कोउ एकदा सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला. कोउ कारखान्यात वेल्डर होता. पहिल्या सामन्यापासून ढोलाची दुसरी बाजू त्यानंच उचललेली.

"तुझी जीभ दुखत नाही ना, मग झालं," मावशी फणकारली. पण तिचे कान तापले. दारूवाल्याच्या काळात एका मास्तराला तिनं चार पराभवांत घरी पाठवलं होतं. योंगहेचे सहा झाले होते, आणि ही गोष्ट तिच्यासकट सगळ्यांना पाठ होती.

एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना योंगहे आला. टोपी नाकापर्यंत ओढलेली. ती त्याच्यासाठी मुंडकं निवडायला लागली, तर तो म्हणाला, "ताई, खायला नाही आलो. परवा ढोल वाजव."

"वाजवतेच की दरवेळी."

"तसा नाही. माझ्या नावानं वाजव. तास संपला म्हण."

तिच्या हातातला चिमटा तसाच राहिला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"अगं, संघ मी निवडतच नाही. सामन्याआधी फोनवर अकरा नावं येतात. त्सुईच्या मित्राचा मेव्हणा पुढं खेळतो, त्याला पळताना धाप लागते. मी फक्त नावं वाचून दाखवतो."

"मग फेक ती नोकरी त्याच्या तोंडावर!"

"मी सोडली तर करार संपेपर्यंत कुठल्याच संघापुढं उभं राहता येणार नाही. शाळेतल्या पोरांच्यासुद्धा नाही. त्यानं काढलं तरच मी सुटतो." तो खुर्चीत बसला आणि त्यानं टोपी काढली. केस किती पिकलेत, हे तिला तेव्हा दिसलं. "आजवर कुठला मालक तुझ्या ढोलापुढं टिकलाय? ओरड एकदा. सुटू दे मला."

"मी लोकांना सरळ खरंच सांगते."

"करारात त्याचीही बंदी आहे, माझ्यावरच उलटेल. आणि सख्ख्या बहिणीचं कोण खरं मानणार?"

आई इस्पितळात होती तेव्हा हाच योंगहे कारखान्याच्या आवारात अंधार पडेतो चेंडू लाथाडत असायचा. गुइझेन तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून मुलाम्याचं तसराळं बडवायची. ढण्‌, ढण्‌, आणि थोडं थांबून ढण्‌. म्हणजे घरी ये, जेवण गार होतंय. पुढं पायऱ्यांवर ढोल आला तेव्हा तिच्या हाताला तोच ठेका ठाऊक होता. आरोळी त्याच ठेक्यावर बसली.

परवाच्या त्या सामन्यात बॉयलरवाल्यांवर दोन गोल बसले, आणि अख्खी पूर्व बाजू चिडीचूप झाली. सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं टिपरू उचललं. ढण्‌, ढण्‌... ढण्‌. "तास संपला!" पहिला आवाज तिचा एकटीचा होता, आणि तो फाटका निघाला. मग हजारो गळ्यांनी तो उचलला. खाली रेषेजवळ उभ्या योंगहेचे खांदे सैल पडले, ओझं उतरल्यासारखे. तिला रडूही येत होतं आणि बरंही वाटत होतं. चला, सुटलं माझं पोर.

दुसऱ्या दिवशी त्सुई टीव्हीवर आला. "आरडाओरड्याला घाबरून मी माणसं बदलत नाही. रान मास्तरांवर माझा पूर्ण विश्वास आहे. करार संपेपर्यंत तेच राहतील."

"आयुष्यात पहिल्यांदा कणा असलेला मालक बघितला बुवा!" कोउ दुकानात बसून मुंडकं चोखत म्हणाला.

कसला डोंबलाचा कणा! लोक जोवर योंगहेच्या नावानं बोंब मारताहेत, तोवर वरच्या, मालकाच्या काचेच्या खोलीकडे कुणाची मान वळणार? आधीचे मालक आरोळीला भ्यायचे. या बहाद्दरानं आरोळीचीच छत्री केली होती, आणि छत्रीचा दांडा मावशीनंच त्याच्या हातात दिला होता.

पुढच्या सामन्याला तिनं ढोल घरीच ठेवला. काही उपयोग झाला नाही. दहाव्या मिनिटाला आरोळी आपोआप उठली. दक्षिणेकडच्यांनीही ती उचलली.

"बस करा! मी ठेका दिला नाहीये!" ती उभी राहून ओरडली.

आजूबाजूचे कौतुकानं हसले. कोउनं तिच्या पाठीवर थाप मारली. "आता तुझ्या ढोलाची गरज नाही गं. सख्ख्या भावालाही तू सोडलं नाहीस! अख्खं तुओको तुला मानतं आज."

आणि मानायला लागले होते खरंच. दुकानापुढं रांग वाढली. माणसं अंगठा दाखवून जायची. तिला वाटायचं, तिखटाचा डबा एकेकाच्या डोक्यावर उपडा करावा.

शेवटी तिनं कोउला सगळं सांगितलं. फोन, मेव्हणा, करार, भावानं केलेली विनवणी, सगळं. कोउनं ऐकून घेतलं. हातातली हाडं त्यानं बशीत सावकाश ठेवली.

"रक्त बोलतंय गुइझेन," तो हळुवारपणे म्हणाला. "माझ्यापाशी बोललीस, ठीक आहे. दुसऱ्या कुणापाशी बोलू नकोस. इतकं नाव कमावलंस, घालवशील."

तिनं कपाळावर हात मारून घेतला. या माणसाशी भांडावं, तर तो मायेनं बोलत होता.

संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. महिन्याभरात त्सुईनं क्लब विकला, दूर उत्तरेकडं समुद्रकाठच्या कुठल्याशा शहराला. खेळाडू, शर्ट, बस, सगळं गेलं. मास्तरही गेला, करारासकट. योंगहेचा फोन आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "अजून दोन वर्षं, ताई."

निघायच्या सकाळी मैदानाच्या फाटकाशी गर्दी लोटली. कुणी जुने शर्ट आणले होते, कुणी ढसाढसा रडत होतं. मावशी ते मुलाम्याचं तसराळं घेऊन आली होती, टवके उडालेलं. एरवी ती त्यात लसूण भिजवायची. बस बाहेर आली आणि पुढच्या खिडकीत योंगहे दिसला तसा लोकांचा संताप उसळला. क्लब विकणारा तिथं नव्हताच. समोर होता तो हा.

"तास संपला! तास संपला!"

तिनं गर्दीत कोपरं मारत वाट काढली आणि तसराळ्यावर हात घातला. ढण्‌, ढण्‌... ढण्‌. "योंगहे! घरी ये! उतर तिथून, घरी ये रे!"

ठेका ऐकताच गर्दीनं माना वळवल्या. मावशी आली! क्षणभर विस्कटलेली आरोळी त्या ठेक्यावर येऊन बसली आणि दुप्पट झाली. तिचं 'घरी ये' तिलाही ऐकू येईना. कोउ शेजारी उभा राहून डोळे पुसत जीव तोडून ओरडत होता.

योंगहेनं मात्र ओळखलं. तो जागेवरून उठला, त्यानं तळवा काचेवर ठेवला, मग काच सरकवायला बोटांनी कड चाचपली. त्या बसच्या काचा उघडणाऱ्या नव्हत्या. त्याचे ओठ हलले, "ताई" असं काहीसं. बस पुलाकडे वळली तरी मावशीचा हात थांबेना, आणि तिचा हात थांबेना म्हणून लोकही थांबेनात.